गिळलेला महिना

थांबा, हे आत्ताच्या आत्ता लिहून टाकते, बाकीचं पुस्तक गेलं उडत. दोन प्रकरणं मागे आमच्या घराच्या ओट्याचं वर्णन अर्धवट सोडलंय, ते सोडलेलंच राहू दे. झालं असं की सकाळी नातीनं विचारलं, आजी, औंदा पेसाहचा सण कधी गं, आणि मी उत्तर द्यायच्या आत तिनं फोनवर बघून सांगूनसुद्धा टाकलं. एवढं सोपं. मी हसायला लागले ती थांबेचना, चहा सांडला. ती म्हणाली, हसतेस काय? म्हटलं, त्या फोनच्या जागी आमच्याकडे मुकादम होते. आणि लगेच बसले टाइप करायला. जन्मभर मुंबईत टायपिस्टची नोकरी केली, बोटं अजून डोक्याच्या पुढे पळतात, चुका झाल्या तर नात काढेल.

हिंगोलीत आमची बेने इस्राएलांची, म्हणजे मराठी ज्यूंची, घरं मोजकीच होती. जुन्या छावणीच्या कडेला, लिंबाच्या झाडांखाली. कोणी दवाखान्यात कंपाउंडर, कोणी उर्दू शाळेत मास्तर, माझे बाबा स्टेशनावर मालाच्या खिडकीत. आजे-पणजे पलटणीबरोबर कोकणातून आले, पलटण गेली, आम्ही राहिलो. आमच्या प्रार्थनेच्या जागेला आम्ही मशीदच म्हणायचो, सगळे बेने इस्राएल म्हणायचे तसं. होती एक लांबट खोली. छताला टांगलेला काचेचा दिवा, त्यात करडीचं तेल, कारण खोबरेल महाग. भिंतीतल्या कपाटात मखमलीत गुंडाळलेला तोरा, म्हणजे आमचा धर्मग्रंथ. पुरुष आत सतरंजीवर, बायका आणि आम्ही पोरी मागच्या पडवीत पडद्याआड. शुक्रवारी दिवेलागणीला गाणी सुरू व्हायची, हिब्रू शब्द, पण चाल अशी की रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं भजन चाललंय. मला ती गाणी फार आवडायची. मुकादमांचा आवाज सोडून. त्यांचा आवाज म्हणजे कोरड्या विहिरीचा रहाट.

मुकादम म्हणजे आमच्या जमातीचे प्रमुख. नाव हायमजी, पलटणीत जमादार होते, पेन्शनीत आले तरी जमादारी सुटली नव्हती. डोक्याला तांबडी गोंडेवाली टोपी, हातात वेताची छडी, आणि मशिदीची किल्ली जानव्यासारखी गळ्यात. कोंबडं हलाल करायचं तर तेच, लग्न लावायचं तर तेच, मलिद्याचं ताट झाकायचं तर तेच. मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वेलची, वर फळं, एलियाहू हन्नाबी या पैगंबराच्या नावानं आम्ही करतो तो. त्याला नारळ लागायचे औंढ्याच्या देवळासमोरच्या दुकानातले, कारण चांगला नारळ तिथेच मिळायचा. मुकादम एकेक नारळ कानाशी धरून हलवायचे, पाण्याचा आवाज ऐकायचे, मग शेंडी बघायचे, आणि विचारायचे, "देवाला दाखवलेला न्हाई ना?" नारळ काय बोलणार. पण नारळाचीसुद्धा हजेरी घेणारा माणूस होता तो. आणि सगळे पुरुष मान डोलवत उभे. या वयात मला त्या मुकादमांचा राग कमी येतो, त्या डोलणाऱ्या मानांचा जास्त येतो.

तर आमचं पंचांग. दर वर्षी नव्याच्या सणाआधी, म्हणजे आमच्या वर्षाच्या पहिल्या दिवसाआधी, मुंबईहून टपालानं छापील पंचांग यायचं. मुकादम ते मशिदीत खिळ्याला अडकवायचे. त्या वर्षी आलं नाही. निजामाचं राज्य आणि बाहेरचा मुलूख यांचं बिनसलं होतं, टपाल कधी यायचं कधी नाही, गावात रझाकारांच्या कवायती, बाबा घरी आले की आधी दाराला कडी. कोणीतरी म्हणालं, दुसरं मागवू या, कोणाच्या हाती तरी. मुकादम म्हणाले, "मागवायचं काहून? चंद्र काय मुंबईहून येतो का? मी मोजतो." आणि मोजायला लागले. चंद्र दिसला की भिंतीवर कोळशानं रेघ.

आता हे नीट सांगते, कारण इथेच सगळी गोम आहे. आमचे महिने चंद्राचे, हिंदूंसारखेच. आणि त्यांच्यासारखाच आमच्यातही धोंड्याचा महिना येतो, अधिक, नाहीतर सण ऋतू सोडून पळत सुटतील. हा अधिक महिना बहुतेक तिसऱ्या वर्षी येतो, पण मधूनच एखाद्या खेपेला दुसऱ्याच वर्षी येतो. मुकादमांना तिसरं वर्ष माहीत होतं. दुसऱ्या वर्षाची गोष्ट त्यांच्या कानावरून गेली असेल तर टोपीखाली अडकली असेल. मागचा अधिक येऊन दोनच वर्षं झाली होती, म्हणून त्यांनी या वर्षीचा महिना सरळ गिळून टाकला.

पहिलं पकडलं ते आमच्या दूधवाल्या कोंडाबाईनं, आणि तेही मस्करीत. आमच्या पुरीमच्या सणाला आम्ही मराठीत होळीचाच सण म्हणतो, कारण तो होळीच्या पुनवेलाच पडतो, बापजाद्यांपासून. त्या वर्षी आम्ही तो एक पुनव आधीच उरकला. थंडीत कुडकुडत करंज्या तळल्या. कोंडाबाई शिरड शहापूरहून माहेरचा हरभरा घेऊन आली होती, दारात बसली आणि करंजी खात म्हणाली, "बाई, तुमची होळी लईच घाईवर आली. लाकडं चोरायला आमची पोरं अजून निघाली बी न्हाईत."

आई हसली नाही. आई मोहोराकडे बघत होती. आमच्या अंगणात एक आंबा होता.

पुढच्या पुनवेला, म्हणजे अख्खं गाव खरी होळी पेटवत होतं त्या दिवशी, आमचा पेसाह लागला. पेसाहला आम्ही अणशी ढाकाचा सण म्हणतो. अणस म्हणजे आंबवलेलं आंबट कालवण, वर्षभर मडक्यात असायचं, त्या आठ दिवसांत त्याचं तोंड बांधून ठेवायचं, कारण खमीर लागलेलं काहीच चालत नाही. सणाआधी घराला चुना, भांड्यांना कल्हई, धान्याचे डबे उन्हात उलटे. मग बिनखमिराच्या रोट्या, खजुराचं गोड, बकरं, आणि बकऱ्याच्या रक्तात हात बुडवून कागदावर पंजा उठवायचा, तो दारावर चिकटवायचा. पहिल्या संध्याकाळचं ताट मुकादमांच्या घरी मांडलं. ते पुस्तक वाचतायत, मिसर देशातून आमचे पूर्वज कसे सुटले, आणि बाहेरून पोरांच्या बोंबा. त्यांनी गुलामगिरी म्हटलं की बाहेरून बोंब, समुद्र दुभंगला की बोंब. मी आणि माझा धाकटा भाऊ बिन्या हसून हसून ताटावर पडलो. मिलकाताईनं दोघांना चिमटे काढले. ती स्वतःही हसत होती, पण पदराआड, कारण तिचं लग्न ठरलेलं होतं.

ताईचं सांगायचं राहिलंच. ताई माझ्याहून बरीच मोठी, शिवणात हुशार, बोलण्यात त्याहून. पुण्याच्या डेव्हिडशी ठरलं होतं, तो खडकीला कारखान्यात. बाबांना घाई होती. वयात आलेली पोर, असले दिवस, गाड्या कधी बंद पडतील सांगता येत नाही. पुण्याचं पत्र आलेलं, होळीचा सण झाला की आम्ही निघतो. आमची होळी होऊन महिना झाला, कोणी आलं नाही. आई रोज ताईकडे बघायची. आणि ते आले ते आमच्या पेसाहच्या मधल्या दिवसात.

डेव्हिड, त्याची आई सारूबाई, आणि एक पत्र्याचा डबा. सारूबाई म्हणजे ठेंगणी, गोरी, सदा घाम पुसणारी बाई. ओट्यावर टेकल्या, पाणी प्यायल्या आणि डबा उघडला. आत करंज्या, नानकटाई, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले पाव.

आईनं तोंडावर हात ठेवला. "विहीणबाई, पाव? सणात?"

"कुठल्या सणात?"

"अहो, अणस ढाकलंय की आमी. आज चौथा दिवस."

सारूबाई आईकडे बघतच राहिल्या. मग डेव्हिडकडे बघितलं. "अरे, आपण होळीचा सण करून गाडीत बसलो ना? का मी येडी झाले?"

"केला की. या करंज्या त्याच्याच."

आईनं अंगणातल्या आंब्याकडे हात केला. "मी ह्यांना सांगून राहिले होते. दर वर्षी या सणाला झाडाला कैऱ्या लटकतात, खजुरासंगं चटणी करते मी. औंदा मोहोर बी गळला न्हाई. पण माझं ऐकतं कोण."

बाबा ओट्यावरून खाली बघत होते. त्यांना माहीत होतं. मला आजही वाटतं, सगळ्यांनाच माहीत होतं.

आता गोष्ट अशी की या सणापासून पुढे सात आठवडे आमच्यात लग्न लागत नाही. मुकादमांच्या हिशेबानं ते दिवस लागले होते. खऱ्या हिशेबानं सणालाच अजून जवळजवळ महिना होता, लग्न उद्या लागलं असतं. आणि डेव्हिडला रजा होती मोजकी. बाबा टोपी घालून निघाले तेव्हा आईनं मला पुढे ढकललं. "जा संगं. तिथं काय होतं ते नीट ऐकून ये. ते घरी येऊन सांगणार न्हाईत."

मुकादमांच्या ओसरीवर जमातीचे सगळे पुरुष बसले होते. बातमी आमच्या आधी पोचली होती. बाबा उभे, डेव्हिड उभा, मुकादम बाजेवर.

"मुकादमसाहेब," बाबा म्हणाले, "पुण्याचे लोक म्हणून राहिले की होळीचा सण आत्ता झाला."

"पुण्यात निराळा चंद्र उगवतो का?"

"न्हाई साहेब. अधिक महिना..."

"अधिक तिसऱ्या वर्षी. मागचा येऊन दोन वर्षं झाली. मला हिशेब शिकवून राहिले का?"

डेव्हिड नम्रपणे बोलला, अगदी जावयासारखा. "कधी कधी दुसऱ्या वर्षीही येतो, काका. आमच्याकडे सगळ्या मशिदींत यंदा तसाच आहे. मुंबईतही."

"तुमी लोक त्या बगदादी ज्यूंच्या संगतीनं बिघडले. उद्या शनवार पाळायचा सोडून विडी बी ओढाल." मुकादमांनी छडी जमिनीवर आपटली. "लग्न सात आठवड्यांनी. मशिदीची किल्ली माझ्यापाशी हाये. अन् कोनाला माझ्यामागून लावायचं असंल तर त्यानं पुढं येऊन सांगावं."

मी सगळ्यांची तोंडं बघितली. कंपाउंडर चष्मा पुसत होते, पुसून झालेला चष्मा पुन्हा पुसत होते. शाळेतले मास्तर छताच्या फळ्या मोजत होते. शेवटी मास्तरच म्हणाले, "मुकादमसाहेब म्हणतात ते बराबर असंल." बराबर. हा माणूस पोरांना गणित शिकवायचा. पलीकडच्या ओसरीवरच्या मुसलमान शेजाऱ्यांनी पान चघळत विचारलं, "क्यों मुकादमसाब, झगडा किस बात का?" तर मुकादम म्हणाले, "कुछ नहीं, बच्चों को मजहब समझा रहा हूं." आणि पुरुष हसले. सुटका झाल्यासारखे हसले. बाबासुद्धा थोडेसे. ते थोडंसं हसणं मी घरी येऊन आईला सांगितलं नाही. बाकी सगळं शब्दन् शब्द सांगितलं, हातवारे करून.

आई पोळपाटाशी बसली होती. ऐकून झाल्यावर तिनं लाटणं बाजूला ठेवलं. सारूबाईंना म्हणाली, "विहीणबाई, खरा सण यायच्या आत पुण्यात लग्न लागंल का?"

"लागेल की. लग्न लावणारे आमचे हजान घरचेच आहेत."

"मंग हिला घेऊन जा."

बाबा दारात होते. "अशी? लग्नाआधी? लोक काय म्हणतील?"

"कोणते लोक?" आई म्हणाली. "ते ओसरीवरचे? ते काही म्हणत असते तर हिला जावं लागलं असतं का?"

"पण आपण? आपल्याला रजा न्हाई, पोरं लहान, गाडीचा भरोसा न्हाई..."

"आपण न्हाई जायचं." आईनं असं म्हटलं जसं काही शेजारच्या गल्लीतलं हळदीकुंकू चुकणार आहे. "सात आठवड्यांनी गाडी असंल का, हे तुमी स्टेशनावर बसून मला सांगता का? न्हाई सांगता येत. मंग?"

ताई म्हणाली, "मी तुमच्याशिवाय जाणार नाही." मग डेव्हिडनं मान खाली घातली, आणि ताई त्याच्याकडे बघून मग आईकडे बघून मोरीत जाऊन बसली. मी तिथेच होते. पोरीची जात एका क्षणात ठरवते म्हणतात ते खोटं. तिनं अख्खी दुपार घेतली ठरवायला, भांडी घासत, एकच पातेलं घासत.

मेंदी आईनं घरीच लावली, उन्हं कलताना, मागच्या अंगणात. खरं तर मेंदीला सगळी जमात येते, गाणी होतात, नवरीच्या बोटाला मेंदी लावून वरून कागद गुंडाळतात. आली फक्त कोंडाबाई. तिला गाणं म्हणायला सांगितलं तर तिनं तिच्या जात्यावरचं म्हटलं, भावाबहिणीचं, आणि मधेच थांबून विचारलं, "तुमच्यात चालतं न्हवं?" आई म्हणाली, "आज समदं चालतं." कोपऱ्यातल्या चुलीवर सारूबाईंच्या डब्यातली एक करंजी होती. आईनं ती उचलली आणि खाल्ली, पावासारखीच वर्ज्य असलेली, सणाच्या दिवशी, सगळ्यांसमोर. मी तोंड उघडं टाकून बघत होते. जमातीविरुद्ध बंड कसं दिसतं असं कोणी मला विचारलं तर मी सांगेन, कोरडी करंजी चावल्यासारखं दिसतं, घशात अडकते आणि माणूस पाणी मागत नाही.

दुसऱ्या सकाळी ताई गेली. बाबांच्याच स्टेशनावरून. बाबा मालाच्या खिडकीतून बाहेर आले नाहीत. रझाकारांचे दोन जण डब्यात चढून ट्रंका उघडून बघत होते, आणि ताईच्या ट्रंकेत पांढरी साडी, हिरव्या बांगड्या आणि शिवणाची कात्री. कात्री काढून घेतली. सारूबाई एवढ्या ठेंगण्या, पण ताईच्या पुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मेरी लडकी है." गाडी हलली तेव्हा ताईनं मेंदीचा हात बाहेर काढला, आणि मी धावले, आणि आई धावली नाही.

यानंतर जे झालं ते लिहिताना मला आजसुद्धा हसू येतं, वाईट प्रकारचं. पुढच्या पंधरवड्यात कुठून कुठून खऱ्या बातम्या येत राहिल्या. जालन्याचे लोक, परभणीचे लोक, सगळ्यांचा सण पुढच्या पुनवेला. आंब्याला कैऱ्या धरल्या. आता मुकादम काय करणार? माणूस असता तर म्हणाला असता, चुकलो. पण ते मुकादम होते. शनिवारी मशिदीत उभे राहिले, टोपी नीट केली आणि म्हणाले की मोशे पैगंबरानं तोरात लिहून ठेवलंय, ज्यांना पहिला पेसाह नीट पाळता आला नाही त्यांनी महिन्यानं दुसरा पाळावा. ही सवलत कोणी वापरत नाही. आपण वापरू. हिंगोलीच्या जमातीला या वर्षी दोन सणांचं पुण्य. आणि पुरुषांनी आमेन म्हटलं. मास्तरांनी सगळ्यात मोठ्यांदा.

पुन्हा चुना, पुन्हा कल्हई, पुन्हा डबे उन्हात. मुकादमीणबाईंनी कंबर धरून सांगितलं, माझ्यानं होणार नाही, म्हणून पहिल्या संध्याकाळचं ताट आमच्या घरी आलं. बाबा हो म्हणून आले, आईला विचारलं नाही. आईनं सगळं केलं. रोट्या, बकरं, खजूर, आणि या खेपेला कैरीची चटणी. पुरुष सतरंजीवर बसले. मुकादम मधोमध, मनुकांच्या सरबताचा पेला हातात, मोठे प्रसन्न. सगळ्यात धाकट्यानं प्रश्न विचारायचा असतो. बिन्यानं विचारला, पाठ केलेला, एका श्वासात. "काहून ही रात बाकीच्या रातींपेक्षा निराळी हाये?"

मुकादमांनी पुस्तक उचललं. पण उत्तर दारातून आलं.

"निराळी न्हाई, बाळा," आई म्हणाली. "मागल्या महिन्यात हीच रात झाली. मुकादमसाहेबांनी केली."

बाबा हळूच म्हणाले, "अगं."

"मी काही चुकीचं बोलले का? मुकादमसाहेब, तुमी सण दोनदा करू शकता. मोशेनं लिहून ठेवलंय. आता माझ्या पोरीचं लग्न बी दोनदा लावून दाखवा. एकदा तिकडं झालं, आमी पाहिलं न्हाई. दुसऱ्यांदा इथं लावा, माझ्या डोळ्यांपुढं. मंग मी खाली बसते."

मुकादमांचा पेला तोंडापर्यंत जाऊन थांबला. त्यांनी कंपाउंडरकडे बघितलं, मास्तरांकडे बघितलं. इतकी वर्षं डोलणाऱ्या माना त्या दिवशी ताटात घुसल्या होत्या, डोलायला वर आल्याच नाहीत. एवढंच झालं. कोणी उठून आईच्या बाजूला उभं राहिलं नाही, म्हणजे उगाच वाटू नये कोणाला. मुकादमांनी घसा खाकरला आणि वाचायला लागले, आम्ही मिसरमध्ये गुलाम होतो, आणि सगळे वाचायला लागले. आई दारात उभी राहिली. वाचून संपेपर्यंत, जेवणं होईपर्यंत, मुकादम चप्पल घालून जाईपर्यंत ती उभी होती. तिनं त्या रात्री घास घेतला नाही.

ताई आम्हाला भेटली ती निजाम गेल्यावर, पोटुशी होती. लग्नाचं सगळं सांगितलं तिनं, कोण आलं, काय वाजलं, काय शिजलं. आई ऐकत होती, मधेच म्हणाली, "बरं झालं," आणि उठून पाणी आणायला गेली. हंडा भरलेला होता.

तर आता तुम्हीच सांगा मला, वाचणाऱ्यांनो, खरंच सांगा, कारण इतकी वर्षं मी हे कोणाला विचारलंच नाही. तुमच्या घरात, तुमच्या देवळात, मशिदीत, कुठंही, असं झालंय का कधी, की चूक सगळ्यांना दिसत होती, किल्ली एकाच्या गळ्यात होती, आणि बोलली फक्त तीच जिचं आधीच सगळं जाऊन बसलं होतं?